टाचेचं हाड आणि पुढचं वर्ष

हापूसचा हंगाम रंगात आला की आमच्या दवाखान्यात टाचा यायला लागतात. देवगड-मालवणच्या पट्ट्यात मी फिजिओथेरपिस्ट आहे. एप्रिल-मेमध्ये आंब्यावरून पडलेले येतात, पावसाच्या तोंडावर कौलं परतताना घसरलेले येतात, माडावरून आणि बांधकामाच्या परांचीवरून पडलेले बारा महिने येतात. त्यांत बागेचे मालक असतात, तसे हंगामापुरते राहिलेले नेपाळी गडीही असतात. उंचावरून माणूस उभ्याउभ्या खाली आला तर पहिला मार टाच खाते. शस्त्रक्रिया होते, टाके निघतात आणि मग पुढचे कित्येक महिने ही माणसं माझ्याकडे असतात. त्या महिन्यांत काय होणार, काय दुखणार, कशाला घाबरायचं आणि कशाला नाही, हे त्यांना क्वचितच कोणी नीट सांगितलेलं असतं. म्हणून हे लिहिते आहे.

तीन मीटर उंचीवरून, म्हणजे आंब्याच्या खालच्या फांद्यांवरून पडलं तरी जमिनीला टेकताना वेग ताशी २७-२८ किलोमीटर होतो. टाचेचं हाड हे पावलातल्या २६ हाडांपैकी सगळ्यात मोठं, पण भरीव नाही. बाहेर पातळ कवच, आत जाळीदार रचना. त्याच्या बरोबर वर घोट्यातलं हाड बसलेलं असतं. पडण्याच्या त्या क्षणी शरीराचं सगळं वजन घेऊन हे वरचं हाड लाकडात पाचर ठोकावी तसं टाचेत घुसतं. सांध्याचा पृष्ठभाग आत दबतो, टाच फताडी होते, तिची उंची जाते. किती दबली ते एक्स-रेवर एका कोनाने मोजतात. व्हिएन्नाचे शल्यविशारद लोरेन्झ ब्यॉलर यांनी १९३१ मध्ये सांगितलेला हा कोन निरोगी टाचेत साधारण २० ते ४० अंशांचा असतो. मोडलेल्या टाचेत तो सपाट होत जातो.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगते. उंचावरून पडून टाच मोडलेल्या साधारण दहांतल्या एकाला पाठीच्या मणक्यालाही मार असतो. पायाच्या कळांपुढे कमरेकडे लक्ष जात नाही. पेशंटला घेऊन जाल तेव्हा "कंबरही दुखते का ते बघा" असं डॉक्टरांना सांगायला विसरू नका.

घरच्यांचा पहिला संताप असतो तो शस्त्रक्रिया लांबल्याचा. आठ दिवस झाले, माणूस खाटेवर पडून आहे, डॉक्टर म्हणतात थांबा. हे थांबणं उपचारातलंच आहे. टाचेच्या बाहेरच्या अंगाची कातडी पातळ, खाली स्नायूची गादी नाही. सुजलेल्या कातडीवर चीर दिली तर कडा काळ्या पडतात, जखम उघडते, पू होतो. म्हणून सूज उतरून कातडीवर बारीक सुरकुत्या दिसेपर्यंत आठवडा-दोन आठवडे थांबतात. आणि प्रत्येक मोडलेल्या टाचेला शस्त्रक्रिया लागतेच असंही नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका चाचणीत १५१ पेशंट होते. टाच फारच वेडीवाकडी झालेले त्यात घेतले नव्हते. दोन वर्षांनी शस्त्रक्रिया झालेले आणि न झालेले यांच्या दुखण्यात फरक आढळला नाही. त्यामुळे शेजारच्या वाडीतल्या कोणाला प्लेट बसवली आणि आपल्याला नाही, एवढ्यावरून आपल्यावर अन्याय झाला असं समजू नये.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दोन आठवडे ठणक्याचे. पाय खाली सोडला की ठणका वाढतो, पाऊल जांभळं पडतं, आणि बघणाऱ्यांचं धाबं दणाणतं. पाय वर घेतल्यावर काही मिनिटांत रंग परत येत असेल तर घाबरण्याचं कारण नाही. मारामुळे आणि हालचाल बंद झाल्यामुळे रक्त वर चढायला वेळ लागतो, एवढाच त्याचा अर्थ. उपाय एकच आणि तो कंटाळवाणा आहे: पाय छातीच्या पातळीच्या वर ठेवणं. खुर्चीत बसून समोर स्टूल घेतलं तर पाय छातीच्या वर येत नाही. आडवं पडून पोटरीखाली दोन उशा घ्यायच्या आणि टाच अधांतरी ठेवायची. उशी थेट टाचेखाली घातली तर तिथे दाबाची जखम होते. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा मिनिटं लावावा, पण जिथे बधिरपणा आहे तिथे नाही. गोळ्या पहिले काही दिवस वेळच्या वेळी घ्याव्यात. कळ असह्य होईपर्यंत दात दाबून थांबलं तर तीच गोळी मग पुरी पडत नाही. मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीतली मुदत संपली की मेडिकलमधून तीच पुडी पुन्हा पुन्हा आणू नये. सूज उतरवणाऱ्या बऱ्याच वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाला आणि पोटाला त्रास देतात.

कोणतं दुखणं रात्री बारा वाजताही दवाखान्यात घेऊन जायचं, ते मी घरातल्या एका माणसाकडून पाठ म्हणून घेते. प्लास्टरच्या आत कळ चढतच चालली आहे, गोळीने उतरत नाही आणि बोटं दुसऱ्याने हलवली तर ओरडायला होतं, बोटं बधिर पडली आहेत: लगेच निघायचं, कारण आत दाब वाढून स्नायू मरू शकतो. पोटरी सुजून दुखते आहे, किंवा अचानक धाप लागली, छातीत दुखलं: लगेच, कारण पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात गेलेली असू शकते. ताप, जखमेतून पू, लाली पसरत जाणं: त्याच दिवशी. बाकीचा ठणका सकाळपर्यंत थांबू शकतो.

आणि तंबाखू. याबाबतीत मी कोणाचीही भीड ठेवत नाही. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात, जखमही उशिरा भरते आणि हाडही. पुरुष चुना लावून मळतात ते दिसतं. आमच्याकडच्या बायकांची मिशेरी मात्र कोणी तंबाखूत धरतच नाही. भाजलेली तंबाखूच ती, सकाळी दातांना लावून बराच वेळ तोंडात धरायची. "मी तंबाखू खात नाही" असं शपथेवर सांगणाऱ्या काकींना मी मिशेरीचं विचारते तेव्हा त्या पदर तोंडाला लावतात. रागावून काही होत नाही. निदान हाड भरेपर्यंतचे तीन महिने सोडा, एवढंच मी मागते, आणि बऱ्याच जणी सोडतात.

आता मला जे मुख्य सांगायचं आहे त्याकडे येते. दुखणं कमी होणं आणि हाड भरणं या दोन गोष्टी एकाच वेळी घडत नाहीत.

माझ्याकडे एक बागायतदार काका होते, पंचावन्नच्या घरातले, एप्रिलमध्ये आंबे काढताना पडलेले. शस्त्रक्रियेनंतर पाचव्या-सहाव्या आठवड्यात त्यांचं दुखणं जवळजवळ गेलं. "माका सांगा, पाय कधी टेकू?" हा एकच धोशा. घरात कोणाचं लक्ष नसताना वॉकर बाजूला ठेवून ते दोन पावलं टाकून बघत. दुखत नव्हतं, म्हणजे बरं झालं, असा त्यांचा सरळ हिशोब. पण त्या आठवड्यांत मोडलेल्या जागी नव्याने धरलेलं हाड अजून कच्चं असतं. प्लेट आणि स्क्रू हाडाला आकारात धरून ठेवतात, माणसाचं वजन पेलण्यासाठी ते घातलेले नसतात. कच्च्या हाडावर भार पडला तर सांध्याचा सरळ केलेला पृष्ठभाग पुन्हा दबू शकतो, आणि तो दबताना फार दुखेल याचीही खात्री नाही. टाचेच्या शस्त्रक्रियेनंतर बहुतेक सर्जन आठ ते बारा आठवडे पाय टेकू देत नाहीत, ते यासाठी.

पुढे जूनच्या अखेरीस एक्स-रे चांगला आला, भार टाकायची परवानगी मिळाली आणि काका पहिल्यांदाच खरे घाबरले. कारण आता हाड भरलं होतं आणि पाय मात्र दुखायला लागला होता. तळव्याची चरबीची गादी अडीच महिने वापरात नव्हती, पोटरी वाळली होती, सांधे आखडले होते, आणि मज्जातंतूंनी मधल्या काळात प्रत्येक स्पर्श धोक्याचा समजायची सवय लावून घेतली होती. टेकताच कळ आली की माणसाला वाटतं, आत परत काहीतरी मोडलं. काही जण इथेच वॉकरला धरून बसतात आणि त्यांचे पुढचे सहा महिने फुकट जातात.

म्हणून भार मोजून टाकायला शिकवते. घरचा साधा वजनकाटा जमिनीवर ठेवायचा, वॉकर धरून उभं राहायचं आणि शस्त्रक्रिया झालेला पाय काट्यावर ठेवून हळूहळू दाबायचा. काकांचं वजन ६४ किलो. त्यांच्या सर्जननी घातलेल्या मर्यादेनुसार सुरुवात १५ किलोपासून केली, मग वीस, मग तीस. पंधरा किलो पायाला कसे लागतात हे काट्याकडे बघून दोन-तीन दिवसांत कळतं, मग काटा लागत नाही. आकडा समोर असला की भीतीही कमी होते आणि उतावळेपणाही.

दुखण्याला कितपत मान द्यायचा याचा माझा नियम साधा आहे. व्यायाम करताना दहापैकी तीन-चार इतकं दुखलं तर चालू द्यायचं. संध्याकाळी थोडी सूज आली तरी चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी पाय आदल्या सकाळसारखा असेल तर तेवढंच किंवा किंचित जास्त करायचं. सकाळी पाय जास्त सुजलेला, जास्त दुखरा असेल तर त्या दिवशी निम्मं करायचं. बंद करायचं नाही. सूज बघून घरची मंडळी महिनाभर विश्रांतीचा फतवा काढतात. टाचेच्या शस्त्रक्रियेनंतर संध्याकाळची सूज सहा महिने, कधी वर्षभरही येत राहते. ती पूर्ण जाण्याची वाट बघत बसलं तर सांधा कायमचा आखडतो.

व्यायाम पाय टेकायच्या कितीतरी आधी, जखम भरताच सुरू होतात. प्लास्टर किंवा पट्टी निघाली की अंगठ्याने हवेत बाराखडी गिरवायला सांगते. अ, क, ळ, ज्ञ काढताना घोटा वर-खाली आणि आत-बाहेर सगळ्या दिशांना फिरतो. बायका ते मालिका बघताना करतात, काका देवळाच्या कट्ट्यावर बसून करायचे. जमिनीवर पसरलेला पंचा बोटांनी ओढून घेणं, चिंचोके बोटांनी उचलणं हे तळव्याच्या लहान स्नायूंसाठी. नंतर उभं राहून टाचा उचलणं. पोटरीची ताकद यायला सगळ्यात जास्त काळ लागतो. कित्येकांना एका पायावर टाच उचलणं वर्ष होत आलं तरी नीट जमत नाही.

पावलाच्या बाहेरच्या कडेला बधिरपणा किंवा मुंग्या येणं बऱ्याच जणांना होतं, कारण तिथला मज्जातंतू शस्त्रक्रियेच्या जागेजवळून जातो. बहुधा काही महिन्यांनी हा बधिरपणा कमी होतो, थोडा कायमही राहतो. जखमेच्या आसपास नुसता चादरीचा स्पर्श सहन होत नसेल तर मी स्पर्शाचाच व्यायाम देते: आधी मऊ सुती फडकं, मग टर्किश टॉवेल, मग परातीतले तांदूळ, शेवटी काथ्या, रोज थोडा थोडा वेळ. लागल्यावर आपण आपोआप ती जागा चोळतो आणि बरं वाटतं, त्याचं कारण रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलं होतं. स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूत पोचले की वेदनेच्या संदेशांना पुढे जाणं अवघड होतं. त्यांच्या मांडणीत पुढे बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, पण मेंदूपर्यंत जाताना वाटेत वेदना कमी-जास्त होते ही गोष्ट टिकली, आणि आमचं निम्मं काम तिच्यावर चालतं.

क्वचित एखाद्याचं दुखणं या चाकोरीत बसत नाही. आठवड्यांमागून आठवडे पायाची आग होते, वाऱ्याची झुळूक लागली तरी सहन होत नाही, पाऊल कधी तापतं कधी गार पडतं, रंग बदलतो, घाम येतो, कातडी चकचकीत होते. अमेरिकेतल्या यादवी युद्धात मज्जातंतूंना गोळी लागलेल्या सैनिकांमध्ये सायलस वेअर मिचेल या डॉक्टरांनी असली आग पाहिली होती. जखम भरलेली, तरी ते सैनिक हात ओल्या फडक्यात गुंडाळून बसत. आज याचं निदान होतं, उपचार आहेत, आणि ते जितके लवकर सुरू होतील तितका फरक पडतो. अशा माणसाला "तो नाटकं करतो" असं घरात म्हणू नका. त्याला लगेच सर्जनकडे परत न्या.

उलट बाजूही आहे, आणि मला तिची जास्त भीती वाटते: ज्यांना दुखतच नाही ते. जुन्या मधुमेहाने ज्यांच्या तळव्याची जाणीव गेली आहे ते मोडलेल्या पायावरही बिनधास्त चालतात. १९४६ मध्ये वेल्लोरला येऊन पुढे कुष्ठरुग्णांवर शस्त्रक्रिया करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनी हे आयुष्यभर सांगितलं. त्यांच्या रुग्णांची बोटं आणि पावलं झिजत होती, कारण वेदना नसल्यामुळे जखमा होत आणि त्या कळत नसत. आज दुकानात मधुमेहींसाठी मिळणारी एमसीआर रबराची मऊ चप्पल कुष्ठरुग्णांच्या पायांसाठी झालेल्या त्याच कामातून पुढे आली. मधुमेही पेशंटला पाय टेकायला सर्जन जास्त काळ थांबवतात. त्यांनी रोज तळवा आरशात बघायचा, आणि गरम पाण्याच्या पिशवीने शेक अजिबात घ्यायचा नाही. शेकताना भाजलेलं कळत नाही आणि नुसत्या फोडापासून पाय गमावण्यापर्यंत गोष्ट जाते.

घरातल्या काही गोष्टी शस्त्रक्रियेइतक्याच महत्त्वाच्या ठरतात. खाली बसायच्या शौचकूपावर निदान तीन महिने बसता येत नाही. मध्ये भोक असलेली कमोड खुर्ची आणावी, ती पुढे वाडीतल्या दुसऱ्या कोणाला उपयोगी पडते. पाय टेकायला लागल्यावर घरातही मऊ चप्पल हवी, टाचेला मागून पट्टा असलेली. घरात चप्पल म्हटल्यावर आजी कपाळाला आठ्या घालतात. नवा, बाहेर कधीच न घातलेला जोड आणा आणि तो फक्त घरातलाच ठेवा, एवढ्यावर बहुतेक घरांत तडजोड होते. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. चिऱ्याच्या पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी.

काकांना खरं हवं होतं ते वेगळंच. त्यांना भाताच्या लावणीला उतरायचं होतं. टाचेच्या हाडाच्या वरचा सांधा पाऊल आत-बाहेर तिरपं करतो, आणि टाच मोडल्यावर नेमका तोच आखडतो. गुळगुळीत फरशीवर त्याचं काही काम पडत नाही. म्हणून दवाखान्याच्या बोळात माणूस छान चालतो, सगळे खूष होतात, आणि घरच्या बांधावर पाऊल ठेवताच त्याला कळ येते. कोकणात सपाट जमीन आहेच कुठे? तेव्हा मी जमिनीच्या क्रमाने पुढे नेते. आधी घरातली फरशी, मग खळ्यातली चोपलेली माती, मग डांबरी रस्ता, मग समुद्रावरची भरतीने ओली झालेली घट्ट वाळू. तिथे दोन्ही दिशांना सारखंच चालायचं, कारण किनारा उतरता असतो आणि एकाच दिशेने चाललं तर पाऊल एकाच बाजूला कलतं. कोरडी भुसभुशीत वाळू त्यानंतर. मग खडबडीत कातळ. बांध आणि चिखल सगळ्यांत शेवटी, कारण चिखल पाऊल धरून ठेवतो आणि शरीर पुढे जातं.

त्या वर्षीच्या लावणीला मी काकांना नाही म्हटलं. ते फार खट्टू झाले. बांधावर खुर्ची टाकून बसले आणि तिथून सगळ्यांना सूचना देत राहिले, असं त्यांच्या घरच्यांनी सांगितलं. कापणीला ऑक्टोबरमध्ये ते काठी घेऊन कोरड्या शेतात फिरले. पुढच्या जूनमध्ये सकाळचे दोन तास चिखलात उतरले, दुपारी पाय वर घेऊन पडले, आणि हेच वेळापत्रक त्यांनी पूर्ण लावणीभर पाळलं. त्यांचं पाऊल पूर्वीइतकं तिरपं होत नाही आणि होणारही नाही. मुसळधार पावसात, जास्त चाललं की टाच ठुसठुसते.

टाचेत सुधारणा दीड-दोन वर्षांपर्यंत होत राहते. त्यानंतरही रोजचं चालणं अवघड होत असेल, घोट्याच्या खाली बाहेरच्या बाजूला सतत सलत असेल, तर सर्जनकडे परत जाऊन पायावर उभं राहून एक्स-रे काढून घ्यावा. कधी स्क्रूचं टोक स्नायूच्या दोरीला घासत असतं, मग प्लेट काढली की बरं वाटतं. कधी सांधा झिजलेला असतो. मग तो सांधा कायमचा जोडून टाकायची शस्त्रक्रिया करता येते. तिच्यात उरलीसुरली तिरपी हालचाल जाते, पण दुखणं बहुतेकांचं पुष्कळ कमी होतं. ज्याला बांधावरून चालायचं आहे त्याने यावर सर्जनशी सविस्तर बोलून, आपलं रोजचं काम काय ते सांगून मगच ठरवावं. काकांनी सध्या नको म्हटलं आहे. आंबे ते आता जमिनीवर उभं राहून लांब काठीच्या झेल्याने काढतात, शेंड्याकडचे राहिले तर राहू देतात, आणि गड्यांनाही झाडावर चढू देत नाहीत.